स्लॅगपासून जिओपॉलिमर बांधकाम साहित्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोखंडाच्या कारखान्यातून निघणाऱ्या धातुमळीपासून, म्हणजे स्लॅगपासून, सिमेंटशिवाय पेव्हर ब्लॉक, भिंतीचे ब्लॉक, कर्बस्टोन यांसारखी उत्पादने करण्याचा विचार करणारे लहान उद्योजक, साइटवरचे अभियंते आणि पदविकेचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आपल्याकडे ‘मळी’ म्हटले की आधी साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो. हा गोंधळ टळावा म्हणून पुढे सर्वत्र कामगारांच्या तोंडी असलेला ‘स्लॅग’ हाच शब्द वापरला आहे.

जिओपॉलिमर म्हणजे नेमके काय, आणि ते सिमेंटपेक्षा वेगळे कसे?

पोर्टलंड सिमेंट करताना चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर तयार करतात. तो दळला की सिमेंट होते आणि पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होते. जिओपॉलिमरमध्ये क्लिंकर मुळीच नसतो. सिलिका आणि अॅल्युमिना असलेली काचमय भुकटी, म्हणजे दळलेला स्लॅग किंवा औष्णिक वीज केंद्रातील फ्लाय अॅश, तीव्र अल्कलीच्या द्रावणात कालवली की काचेची घडण मोडते, तिचे घटक विरघळतात आणि पुन्हा एकत्र येऊन नवे जाळे बांधतात. हे जाळे खडी आणि वाळूला धरून ठेवते. सिमेंटला पाणी पुरते, पण स्लॅगला अल्कलीचा चिमटा घ्यावा लागतो, कारण नुसत्या पाण्यात तो इतका सावकाश घट्ट होतो की व्यवहारात त्याचा उपयोग नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. फ्लाय अॅशमध्ये कॅल्शियम थोडे असते, त्यामुळे तिच्यापासून होणारे जाळे सोडियम, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचे असते आणि ते पटकन तयार व्हावे म्हणून साधारण ६० अंशांची उष्णता चोवीस तास द्यावी लागते. झोतभट्टीच्या, म्हणजे खनिजापासून कच्चे लोखंड काढणाऱ्या भट्टीच्या, स्लॅगमध्ये मात्र चुन्याचे प्रमाण ३० ते ४० टक्के असल्याने त्याचे मिश्रण नेहमीच्या हवेतच घट्ट होते आणि तयार होणारा पदार्थ सिमेंटमधल्या पदार्थाचा जवळचा नातलग असतो. ज्याच्याकडे वाफेची खोली नाही, अशा लहान कारखानदाराला स्लॅग सोयीचा वाटतो तो यामुळेच.

मग याला जिओपॉलिमर म्हणावे की आणखी काही?

हा वाद जुना आहे. बेल्जियममधील पर्डन यांनी १९४० मध्ये स्लॅग आणि अल्कली यांच्या संयोगावर काम प्रसिद्ध केले. त्यातून निघालेले बंधक, म्हणजे खडी-वाळूला धरून ठेवणारे द्रव्य, ब्रसेल्समध्ये १९५० च्या दशकात प्रत्यक्ष इमारतींत वापरले गेले. कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी १९५७ च्या सुमारास हीच वाट पुढे नेली आणि त्यांच्या पद्धतीने तत्कालीन सोव्हिएत संघात स्लॅगच्या काँक्रीटची घरे उभी राहिली. ‘जिओपॉलिमर’ हा शब्द मात्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७० च्या दशकात रूढ केला, आणि तोही मुख्यतः कमी कॅल्शियमच्या, आगीत टिकणाऱ्या पदार्थांसाठी. त्यामुळे काटेकोर बोलणारे स्लॅगच्या पदार्थाला ‘अल्कलीने सक्रिय केलेला स्लॅग’ म्हणतात आणि भारतीय मानकातही ‘अल्कलीने सक्रिय केलेले काँक्रीट’ असाच शब्दप्रयोग आहे. बाजारात दोन्ही नावे चालतात. निविदा भरताना मात्र मानकातला शब्द वापरावा, नाहीतर कागदपत्रे तपासणारा अधिकारी पहिल्याच पानावर थांबतो.

कोणताही स्लॅग चालतो का?

नाही. आमच्या मते या विषयातील निम्मी निराशा या एका गैरसमजातून येते.

सर्वांत उपयुक्त तो झोतभट्टीचा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकदम थंड केलेला दाणेदार स्लॅग. भट्टीतून तो सुमारे १५०० अंशांना बाहेर पडतो. तो इतक्या झपाट्याने थंड केला तर स्फटिक बनायला सवडच मिळत नाही आणि जाड्या वाळूसारखे काचमय दाणे होतात. ही काच हाच त्याचा गुण आहे. तोच स्लॅग खड्ड्यात ओतून सावकाश निवू दिला तर तो स्फटिकमय दगड होतो. असा दगड खडी म्हणून उत्तम, पण बंधक म्हणून जवळपास निरुपयोगी. रासायनिक विश्लेषणात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फक्त ऑक्साइडचे तक्ते पाहून माल घेऊ नये, काचेचे प्रमाण विचारावे. दळलेल्या स्लॅगसाठी आयएस १६७१४ हे मानक आहे. काचेचे प्रमाण किमान ८५ टक्के असावे ही त्यातली अट आपल्या दृष्टीने कळीची आहे. आपल्या देशातील लोहखनिजात अॅल्युमिना अधिक असल्याने इथल्या स्लॅगमध्येही तो परदेशी स्लॅगपेक्षा जास्त, बहुधा १५ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान, आढळतो. म्हणूनच परदेशी शोधनिबंधातले प्रमाण जसेच्या तसे उचलले तर निकाल वेगळे येतात.

पोलाद करताना निघणारा एलडी स्लॅग वेगळा. त्यात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया असतो. हे दोन्ही पाणी शोषून फुगतात आणि काही महिन्यांनी ब्लॉकला आतून तडे घालतात. असा स्लॅग अनेक महिने उघड्यावर पाणी मारून मुरवल्यानंतर रस्त्याच्या थरांत वापरला जातो. मुंबई-गोवा महामार्गाच्या एका टप्प्यावर पोलाद स्लॅगचा रस्ता झाला आहे, तोही याच जातीचा उपयोग. तेथे स्लॅग खडीचे काम करतो, बंधकाचे नाही.

जालन्यात सळ्यांसाठी लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या बऱ्याच आहेत आणि तिथला स्लॅग वापरता येईल का, असे विचारणारे अनेक जण भेटतात. या भट्ट्यांचे अस्तर सिलिकाचे असल्याने त्यांचा स्लॅग सिलिकायुक्त, लोह आणि मँगनीज असलेला आणि कॅल्शियमने गरीब असतो. तो अल्कलीत फारसा विरघळत नाही. त्यातले लोखंडाचे कण चुंबकाने काढून, चुरा करून, वाळूचा काही भाग म्हणून वापरणे हा अधिक प्रामाणिक उपयोग होय. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतील क्युपोला भट्टीचा स्लॅग त्यामानाने झोतभट्टीच्या जवळचा असतो, परंतु तो थोडा थोडा निघतो, ढेकळांच्या रूपात असतो आणि प्रत्येक फाउंड्रीगणिक बदलतो. चंद्रपूरकडच्या फेरो-मँगनीजच्या स्लॅगमध्ये मँगनीज बरेच असते. त्यावर काम होऊ शकते, पण आधी प्रयोगशाळा, मग साचा. फेरोक्रोमचा स्लॅग हाताळताना क्रोमियम पाण्यात उतरते का, याची निक्षालन चाचणी केल्याशिवाय त्याचे ब्लॉक कोणाच्याही अंगणात बसवू नयेत.

म्हणजे स्लॅग खरोखर ‘टाकाऊ’ आहे का?

चांगला दाणेदार स्लॅग टाकाऊ राहिलेला नाही. एक टन कच्चे लोखंड काढताना साधारण ३०० ते ४०० किलो स्लॅग निघतो आणि त्यातला दाणेदार भाग सिमेंट कारखाने विकत घेतात. पोर्टलंड स्लॅग सिमेंटमध्ये आयएस ४५५ नुसार तो ७० टक्क्यांपर्यंत मिसळता येतो. रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे तर पोलाद कारखान्याच्या शेजारीच सिमेंट दळण्याची व्यवस्था आहे. त्यामुळे ‘फुकटचा कचरा उचलून सोने करू’ ही कल्पना घेऊन आलेल्या माणसाला पहिला धक्का दरपत्रक पाहूनच बसतो.

याचा दुसरा अर्थ असा की, जो स्लॅग एरवी सिमेंटमध्ये गेलाच असता तो जिओपॉलिमरमध्ये वळवला, तर देशाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात दावा केला जातो तितका फरक पडेलच असे नाही, कारण सिमेंटवाला त्याच्या जागी क्लिंकर वाढवील. या तंत्राचा खरा नफा आहे तो सिमेंट उद्योगाला नको असलेल्या मालात: ज्या फ्लाय अॅशला गिऱ्हाईक नाही ती राख, फाउंड्रीचा स्लॅग, ठरावीक दर्जाच्या किंचित खाली पडणारा दाणेदार स्लॅग. चांगल्या स्लॅगला या मालाचा जोडीदार म्हणून थोडा वापरणे आणि बाकीचा भार त्या मालावर टाकणे, हे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

अल्कली कोणते वापरतात?

बहुतेक ठिकाणी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि द्रवरूप सोडियम सिलिकेट यांची जोडी वापरतात. कॉस्टिक काच फोडतो, तर सिलिकेट नव्या जाळ्याला तयार सिलिका पुरवते आणि लवकर मजबुती आणते. स्लॅगच्या बाबतीत सोडियम ऑक्साइडच्या हिशेबाने अल्कली बंधकाच्या ४ ते ६ टक्के असले तरी सामान्यतः पुरते. फ्लाय अॅशचा वाटा वाढला की ते थोडे वाढवावे लागते. जास्त घातले म्हणजे जास्त मजबूत, हा समज चुकीचा आहे. उरलेले सोडियम कुठे जात नाही, ते पृष्ठभागावर पांढरे होऊन बाहेर येते.

निव्वळ स्लॅग असेल तर सोडा अॅश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, हाही पर्याय आहे. तो कॉस्टिकपेक्षा कितीतरी सौम्य आणि स्वस्त असतो. मात्र मिश्रण घट्ट व्हायला पुष्कळ वेळ घेते आणि पहिल्या काही दिवसांची मजबुती कमी असते, त्यामुळे ज्याला साचे रोज रिकामे करायचे आहेत त्याला तो परवडत नाही. कोरडी अल्कली स्लॅगमध्येच मिसळून पोत्यातून विकायची आणि साइटवर फक्त पाणी घालायचे, या पद्धतीवरही बरेच काम चालू आहे. सामान्य गवंड्याच्या हाती हे साहित्य जायचे असेल तर मार्ग बहुधा हाच.

सुरुवातीला कोणते प्रमाण धरावे?

पुढील प्रमाण एक घनमीटर काँक्रीटसाठी चाचणीची पहिली पायरी म्हणून द्यावेसे वाटते. ते अंतिम समजू नये. दळलेला स्लॅग २८० किलो, फ्लाय अॅश १२० किलो, सोडियम सिलिकेटचे द्रावण ९६ किलो, ८ मोलर कॉस्टिकचे द्रावण ६४ किलो, जास्तीचे पाणी सुमारे ४० किलो, १० मिलिमीटरपर्यंतची खडी १०५० किलो आणि धुतलेली क्रश सँड ८०० किलो. खडी आणि वाळू आपल्याकडच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, धरली आहे. गोव्यातला किंवा पूर्व विदर्भातला दगड वेगळा असल्याने तिथे वजने बदलतील. सिलिकेटमध्ये सोडियम ऑक्साइड १४.७ टक्के आणि सिलिका २९.४ टक्के असे गृहीत आहे. पुरवठादार वेगळी प्रत देत असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

आता मोलरचा घोळ. ८ मोलर म्हणजे एक लिटर *तयार द्रावणात* ३२० ग्रॅम कॉस्टिक, एक लिटर पाण्यात नव्हे. वजनाच्या भाषेत सांगायचे तर एक किलो द्रावणात साधारण पाव किलो फ्लेक्स, म्हणजे कॉस्टिकच्या कोरड्या पापड्या, आणि पाऊण किलो पाणी. म्हणजे वरच्या ६४ किलो द्रावणासाठी १६ किलो फ्लेक्स आणि ४८ किलो पाणी लागेल. कारखान्यात लिटरऐवजी वजनाचाच काटा वापरावा आणि मोलर हा शब्द कॉलेजात सोडून यावे. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणी जास्तीच्या ४० किलोंतून वजा करणे विसरू नये. पावसाळ्यात मजबुती एकाएकी घसरते, त्यामागे बहुतेक वेळा हीच चूक असते.

हायड्रॉलिक प्रेसवर कोरडे मिश्रण दाबून ब्लॉक काढायचे असतील तर जास्तीचे पाणी जवळपास वगळावे लागते. ओल मुठीत दाबून पाहण्याची ब्लॉकवाल्यांची जुनी पद्धत येथेही चालते, पण हातमोजे घालून.

कॉस्टिक सोडा हाताळताना काय काळजी घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर वाचल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. फ्लेक्स नेहमी पाण्यात थोडे थोडे टाकावेत. फ्लेक्सवर पाणी कधीही ओतू नये, कारण विरघळताना इतकी उष्णता निघते की द्रावण उसळून अंगावर येऊ शकते. द्रावण आदल्या दिवशी करून रात्रभर निवू द्यावे. गरम द्रावण वापरले तर कामगार भाजण्याचा धोका आहेच, शिवाय मिश्रण मिक्सरमध्येच आवळते.

भांडे जाड प्लास्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावे. अॅल्युमिनियमचे घमेले, पातेले किंवा साचा अजिबात नको. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन हा पेटणारा वायू निघतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्याही टाळाव्यात. रबरी हातमोजे, पूर्ण बंद चष्मा, गमबूट आणि लांब बाह्यांचा सदरा हे सर्व मिसळणाऱ्यापासून साचे उचलणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला लागते, कारण ताजे मिश्रणही तितकेच झोंबते. त्वचेवर ते साबणासारखे बुळबुळीत लागते आणि लगेच आग होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. डोळ्यात थेंब गेला तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे धुऊन थेट डॉक्टरांकडे जावे. व्हिनेगर, लिंबू असले घरगुती उपाय डोळ्यावर करू नयेत. मिसळण्याच्या जागेपासून दहा पावलांवर नळ नसेल तर आधी नळ बसवावा, नंतर मिक्सर.

मिक्सर धुतलेले पाणी गटारात किंवा शेताच्या चरात सोडू नये. ते टाकीत साठवून दुसऱ्या दिवशीच्या मिश्रणात जास्तीचे पाणी म्हणून वापरता येते. स्लॅगचा साठा आणि उद्योगाची परवानगी याबाबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आधीच विचारणा करणे हिताचे.

मिश्रण वीस मिनिटांतच आवळते. काय करावे?

स्लॅगचे प्रमाण अधिक असेल तर असे होतेच. विदर्भात मे महिन्यात चाळिशी पार केलेल्या पाऱ्यात तर साचा भरेपर्यंत फावडे अडकते. पहिला उपाय म्हणजे फ्लाय अॅशचा वाटा वाढवणे, दुसरा द्रावण आणि खडी सावलीत थंड ठेवून पहाटे काम करणे, आणि तिसरा मिश्रणाचे घाणे लहान करणे. सिमेंटसाठी मिळणारी पाणी कमी करणारी आधुनिक रसायने इतक्या तीव्र अल्कलीत टिकत नाहीत, त्यामुळे डीलरने ‘हेच घाला’ म्हटले तरी आधी एक किलो पेस्टवर तपासावे. कॉस्टिकची तीव्रता वाढवून मिश्रण पातळ करण्याचा प्रयत्न करू नये, त्याने उलट होते.

ब्लॉकवर पाणी मारायचे की नाही?

पहिले काही दिवस मारू नये. सिमेंटच्या कामात ज्याने पाणी मारले नाही त्याला आपण आळशी म्हणतो, त्यामुळे हे उत्तर ऐकून जुने गवंडी नाराज होतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही, कारण आयुष्यभराची सवय आहे. परंतु येथे बंधक पाण्यावर नव्हे तर द्रावणावर चालते. ताज्या ब्लॉकवर पाण्याचा मारा केला तर अल्कली धुऊन निघून जाते आणि वरचा थर भुसभुशीत राहतो. ब्लॉक उघड्यावर कोरडा पडू देणेही तितकेच वाईट, कारण स्लॅगचे काँक्रीट सुकताना सिमेंटपेक्षा अधिक आकुंचन पावते आणि बारीक तडे जातात. म्हणून साचा भरताच प्लास्टिकचा कागद घट्ट पांघरावा आणि ब्लॉक साच्यातून काढल्यावरही किमान सात दिवस कागदाखाली, सावलीत ठेवावेत.

ब्लॉकवर पांढरी बुरशीसारखी पूड येते. माल खराब झाला का?

ती बुरशी नव्हे, लोणा आहे. न वापरले गेलेले सोडियम ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि सोडियम कार्बोनेटची पांढरी पूड होते. थोडासा लोणा पहिल्या पावसात धुऊन जातो. दर वेळी नव्याने येत असेल तर अल्कली जास्त पडली आहे किंवा ब्लॉक नीट मुरला नाही, असे समजावे. विटांच्या लोण्याची चाचणी आयएस ३४९५ च्या तिसऱ्या भागात दिली आहे. वीट उथळ पाण्यात उभी करून पाणी शोषू द्यायचे, सुकू द्यायचे, पुन्हा पाणी घालायचे आणि पांढरा भाग किती ते पाहायचे. तीच चाचणी या ब्लॉकवर करून पाहणे सोपे आहे. रंगीत पेव्हर विकणाऱ्यांनी ही चाचणी प्रत्येक घाण्याची करावी, कारण गिऱ्हाईक मजबुतीचा अहवाल मागत नाही, लाल ब्लॉक पांढरा का झाला हे मात्र नक्की विचारते.

मजबुती आणि टिकाऊपणा कितपत मिळतो?

प्रमाण आणि देखभाल बरोबर असेल तर पेव्हर ब्लॉकला लागणारी एम-३० ते एम-४० (अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३० ते ४० न्यूटन दाब सोसणारी) ही श्रेणी स्लॅगच्या मिश्रणाला अवघड नाही आणि तिचा मोठा भाग पहिल्या सात दिवसांतच येतो. आगीत आणि आम्लात हे साहित्य सामान्य काँक्रीटपेक्षा सरस ठरते. सिमेंटच्या काँक्रीटमध्ये तयार होणारा मोकळा चुना साधारण ४०० ते ५०० अंशांना विघटित होतो आणि आम्लाने तोच आधी खाल्ला जातो. स्लॅगच्या जाळ्यात तो चुना जवळपास नसतो. म्हणून सांडपाण्याचे पाइप, गोठ्याची आणि दूध डेअरीची जमीन, रासायनिक कारखान्यातील फरशी या जागा त्याला शोभतात.

कमकुवत बाजूही सांगितली पाहिजे. हवेतला कार्बन डायऑक्साइड या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या काँक्रीटपेक्षा लवकर आत शिरू शकतो. आत सळई नसेल तर त्याने विशेष बिघडत नाही, सळई असेल तर गंजण्याचा विचार करावा लागतो.

घराच्या स्लॅबसाठी किंवा कॉलमसाठी वापरता येईल का?

तुमच्या घरासाठी आज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आरसीसी कामाचे नेहमीचे मानक आयएस ४५६ हे सिमेंट काँक्रीटसाठी आहे आणि साध्या इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर त्याबाहेर जाऊन सही करणार नाही, करूही नये. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७४५२ हे २०२० चे मार्गदर्शक मानक अल्कलीने सक्रिय केलेल्या काँक्रीटच्या कारखान्यात बनवलेल्या उत्पादनांपुरतेच आहे. पेव्हर, कर्ब, ब्लॉक, गटाराची झाकणे ही लहान उद्योजकाची रास्त सीमा होय.

मोठे काम मुळी झालेच नाही, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील टूवुम्बा येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या वेलकॅम्प विमानतळावर स्लॅग आणि फ्लाय अॅशचे सुमारे ४०,००० घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट मुख्यतः विमाने उभी राहण्याच्या आणि वळण्याच्या जागांसाठी घातले गेले. पण तेथे काँक्रीट पुरवणारी, विमानतळ बांधणारी आणि जोखीम घेणारी कंपनी एकच होती. आपल्याकडच्या ठेकेदारीच्या साखळीत अशी जोखीम कोणाच्याच वाट्याला नेमकी येत नाही, ही खरी अडचण आहे.

सिमेंटपेक्षा ते स्वस्त पडते का? आणि प्रदूषण खरोखर कमी होते का?

खर्चात स्लॅग आणि राख मोठी नाहीत, अल्कली मोठी आहे. द्रवरूप सिलिकेटचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते आणि त्या पाण्याचेही ट्रकभाडे आपण देतो, म्हणून सिलिकेटचा कारखाना दूर असेल तर सारे गणित बिघडते. कारखाना स्लॅगजवळ काढावा की सिलिकेटजवळ, याचा विचार जागा घेण्याआधी करावा. फक्त भिंतीचे साधे ब्लॉक विकून ही अल्कली परवडणे कठीण आहे. आम्लरोधक फरशी किंवा जड वाहतुकीचे पेव्हर यांत जी जादा किंमत मिळते, तिच्यातून ती निघते.

प्रदूषणाचे गणितही अल्कलीवरच फिरते. एक टन क्लिंकरमागे सुमारे ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला निम्म्याहून अधिक तर चुनखडी फुटल्यामुळेच निघतो, इंधन कितीही स्वच्छ केले तरी. जिओपॉलिमर हा भाग पूर्णपणे टाळतो. परंतु कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्यात वीज सोडून मिळतो, सिलिकेटसाठी वाळू आणि सोडा अॅश हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळवावे लागतात आणि स्लॅग दळायलाही वीज लागतेच. म्हणून ‘शून्य कार्बन’ असा शिक्का मारलेले माहितीपत्रक दिसले तर त्यात अल्कलीचा हिशेब धरला आहे का, एवढे एकच विचारावे.

आपले किल्ले जिओपॉलिमरने बांधले होते, हे खरे का?

नाही. किल्ल्यांत आणि वाड्यांत दगड जोडायला दगडी चाकाच्या घाण्यात मळलेला चुना, त्यात वाळू आणि कुठे कुठे विटांची सुरखी असे मिश्रण वापरलेले असते. सुरखीतली भाजलेली माती चुन्याशी संयोग पावते. ही क्रिया आपल्या विषयाच्या भावकीतली म्हणता येईल, पण तिच्यात सोडियमचे तीव्र अल्कली नसते. इजिप्तचे पिरॅमिड ओतीव दगडाचे आहेत, ही डेव्हिडोविट्स यांची कल्पनाही बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी स्वीकारलेली नाही.

ब्लॉक फोडला तर आत हिरवट-निळा रंग दिसतो आणि किंचित वास येतो. हे कशाने?

स्लॅगमधल्या गंधकाच्या संयुगांमुळे. उघड्या हवेत हा रंग काही दिवसांत उडून जातो. मजबुतीवर त्याचा परिणाम नाही. उलट, आत हिरवट दिसणे हे स्लॅगची क्रिया झाल्याचे लक्षण समजतात.

सुरुवात किती मोठ्या प्रमाणावर करावी?

एक टन दळलेला स्लॅग, एक ड्रम सिलिकेट, कॉस्टिकचे एक पोते, दोनशे किलोंपर्यंतचा वजनकाटा आणि १५० मिलिमीटरचे अठरा घन साचे, इतक्यावर करावी. प्रत्येक प्रमाणाचे तीन घन सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फोडून घ्यावेत. पुरवठादार बदलला, किंवा त्याच पुरवठादाराचा नवा ट्रक आला, की एक संच पुन्हा करावा. त्याच घाण्यांतले काही ब्लॉक कारखान्याच्या उघड्या आवारात, अर्धे मातीत गाडून, जून ते सप्टेंबर पडू द्यावेत आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यांच्याकडे पाहावे. ज्यांच्यावर लोणा नाही, कडा ढासळलेल्या नाहीत आणि केसासारखे तडे नाहीत, ते प्रमाण वहीत लाल शाईने लिहून मशीनची ऑर्डर द्यावी.